थांबू नका

आमच्या बँडमध्ये गाणारं कुणी नाही. लोक विचारतात, "मग तुम्ही करता तरी काय?" आम्ही लाटा करतो. सर्फ रॉक हे आमच्या जन्माच्या कितीतरी आधीचं, समुद्रात फळीवर उभं राहून लाटांशी खेळणाऱ्या पोरांचं संगीत. शब्द नाहीत, नुसती भरधाव गिटार आणि तिच्या जोडीला स्प्रिंगांची पेटी. पेटीत खरोखरच तीन स्प्रिंगा ताणलेल्या असतात. गिटारचा आवाज त्यांच्यातून थरथरत जातो आणि ओलाचिंब होऊन बाहेर येतो. आमच्यापैकी एकालाही धड पोहता येत नाही, ती गोष्ट वेगळी.

ड्रम माझी नणंद वाजवते. एरवी ती दातांची डॉक्टर. बेस गिटार वाजवतो तो इस्त्रीदादा. लाँड्री त्याचीच, आणि लाँड्रीमागची चादरी ठेवायची खोली ही आमची जागा. मुख्य गिटार माझी. म्हणजे, होती. माझी लेक गोटी झाली आणि दहा महिने मी पेटीचं बटण दाबलं नाही.

मग तिथेच रेकॉर्डिंग करायचा रविवार ठरला. चार धून. शेवटची सगळ्यांत अवघड: अर्धं मिनिट एकाच तारेवर, वरखाली वरखाली, न थांबता. नणंद म्हणाली, "नाहीच जमलं, तर तेवढी एक आपल्या गिटार क्लासचे सर वाजवतील. रागावू नकोस हं."

"छे गं, त्यात काय रागवायचं!" मी म्हटलं.

पण ती धून माझी होती. सातव्या महिन्यात, गिटार पोटाच्या कडेला तिरकी धरून बसवलेली. ती दुसऱ्याच्या कडेवर मला बघवली नसती.

गोटी दुपारी चाळीस मिनिटं झोपते. तेवढ्यात मी सराव करायचे. वायर न लावता इलेक्ट्रिक गिटार डासाएवढी गुणगुणते. मला तेही जास्त वाटायचं, म्हणून तारांखाली गोटीचा लंगोट खुपसायचे. चमचा पडला तरी श्वास रोखणारी बाई मी. तीन आठवड्यांत हात पळायला लागला. मनातल्या मनात मी सरांना टाटासुद्धा करून टाकला.

रेकॉर्डिंगच्या आधीच्या बुधवारी लाँड्रीत सगळ्यांसमोर वायर लावली, पेटी चालू केली, वाजवलं. वेग बरोबर, सूर बरोबर, आणि लाट नाही. ओला टॉवेल जमिनीवर पडावा तसं काहीतरी फदफदलं. इस्त्रीदादा आपल्या बेसच्या खुंट्या फार मन लावून तपासू लागला.

नणंदेने काठ्या मांडीवर ठेवल्या. "अगं, तू तार थोपटतेयस."

"म्हणजे?"

"झोपवतेयस तिला! हिला उठवायचंय. दणका बसल्याशिवाय त्या स्प्रिंगा हलतील कशा?"

तीन आठवड्यांच्या चोरून आणलेल्या दुपारी, आणि हाताला नेमकं चुकीचं वळण लागलं होतं. माझे डोळे भरून आले. "कर मग सरांना फोन."

"करते. पण आधी एक सांग, गोटी आवाजाने उठते हे तुला कुणी सांगितलं?"

"ते काय कुणी सांगायला लागतं?"

"म्हणजे करून बघितलेलंच नाही!"

दुसऱ्या दिवशी गोटीला लाँड्रीच्या पुढच्या खोलीत, घडी केलेल्या चादरींवर झोपवलं. शेजारी नवरा पहाऱ्याला. मधलं जाड, वर काच असलेलं दार लावून मी मागच्या खोलीत तार अशी झोडली, की मीच दचकले. स्प्रिंगा खळाळल्या. गोटी सव्वा तास झोपली! शनिवारपर्यंत रोज हेच. मनगट सुजलं, पण लाट परत आली.

"एकच आहे," नवऱ्याने सांगितलं, "तुम्ही थांबलात की उठते."

रविवारी लाँड्री बंद, मशीन गप्प. गोटी पुढे झोपलेली. बेत असा, की एकेक धून वाजवायची, मध्ये पाणी प्यायचं, हात झटकायचे. त्या विश्रांतीवरच माझ्या मनगटाची सगळी भिस्त. पहिली धून संपली. इस्त्रीदादा बाटलीकडे वळला, तर दाराच्या काचेपलीकडे नवरा दोन्ही हात हलवतोय, वाहतूक पोलिसासारखा. चालू ठेवा! थांबू नका! त्याच्या मागे चादरींवर एक इवलीशी मूठ वर आलेली.

नणंदेने काठीवर काठी चार वेळा आपटली आणि दुसरी धून सुरू. मग तिसरी, तीही तशीच, श्वास न घेता. काचेतून नवऱ्याचा अंगठा वर.

आणि आली माझी. हात आधीच दगड झालेला. दहा सेकंदांनंतर कोपरापर्यंत आग. मऊ करू का जरासं, असं हाताने विचारलंच. पलीकडे झोपलेली ती, आणि इथे उठवायची ही, असं स्वतःला बजावत मी झोडत राहिले. शेवटच्या दणक्याने पेटीत अख्खा समुद्र फुटला.

त्यानंतर कुणी हलायचं नसतं. स्प्रिंगा विझेपर्यंतचं थरथरणंही रेकॉर्ड होतं. आम्ही तिघं पुतळे. लाट मागे मागे गेली, बारीक झाली. आणि दारापलीकडून एक आवाज आला, स्वच्छ, किंचित तक्रारीचा: "आँ?"

"ते कापता येईल," इस्त्रीदादा हळूच म्हणाला.

"कापून तर बघ," नणंद म्हणाली. "तुझी अक्कलदाढ अजून माझ्या हातात आहे."

मी गिटार उतरवली. "सर काय म्हणाले गं फोनवर?"

"कसला फोन?" ती ड्रम ताणायची चावी शोधू लागली. "राहूनच गेला बघ."

पुढच्या खोलीत नवरा गोटीला माझ्याकडे देता देता थांबला. "आधी बस. हात बघ तुझे." मी चादरींवर बसले, तिला मांडीवर घेतलं आणि सवयीने थोपटायला गेले. हात ऐकेना, त्याच वेगात, वरखाली वरखाली. गोटीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तिला एवढं हसू फुटलं, की उचकीच लागली.