हलगीवरचा पूर

विश्वजित शाहीर कोल्हापूरहून नृसिंहवाडीच्या पलीकडच्या त्या गावात आला होता. पाऊस का बदललाय, नद्या का फुगतायत, हे पोरांना पोवाड्यातून सांगायचं त्याचं काम. शाळाशाळांतून त्याचं नाव झालं होतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवशी मात्र रंग भरेना. धुराचं, ढगांचं कडवं झालं. पोरं एकमेकांना चिमटे काढत बसली. विश्वजितला ते सोसेना. त्यानं हलगीवाल्या गुंडूला डोळ्यानं खुणावलं. हलगी कडाडली आणि विश्वजित जीव तोडून ओरडला, "पाणी आलं रं! घरं सोडा! जनावरं सोडा!"

सगळी शाळा चिडीचूप झाली. आता कशी ऐकतायत, म्हणून तो मनात खूश झाला आणि आवाज आणखी चढवला. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या थांबल्यावर पोरं मोजत वर्गाच्या स्वप्नाली मॅडम म्हणाल्या, "दानेश्वरी कुठाय?"

मागच्या दारापाशी तिच्या चपला तेवढ्या होत्या.

मॅडमच्या मागोमाग विश्वजित तिच्या घराकडं पळाला. गोठा मोकळा. सोप्यात तिची आज्जी शांतव्वा उराशी गाठोडं धरून बसलेली. पायानं अधू.

"पाणी कुठवर आलंय, पावणं?" तिनं विचारलं. "पोरगी म्हशी वर घेऊन गेलीया. मागच्या पुरात दावं सोडायला कुणाला सुचलंच न्हाय, तवाच्या दोन्ही म्हशी बुडाल्या."

"पाणी न्हाय आलं, आज्जी. माझं गाणं होतं त्ये."

"गाणं?" म्हातारी त्याच्याकडं बघतच राहिली. गाठोडं काही तिनं सोडलं नाही.

पोरगी गावाबाहेरच्या उंच रस्त्यावर सापडली. अनवाणी. दोन्ही म्हशींची दावी मुठीत, तळहात सोललेले. विश्वजितला बघून ती म्हणाली, "तुमी पण आलासा? आज्जीला कोण आणतंय?"

तो तिच्यापुढं खाली बसला. "पाणी न्हाय, बाळ. मी उगंच ओरडलो."

तिनं नदीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. रडली नाही. "मग परत न्यायच्या व्हय म्हशी?"

मॅडमनी तिला जवळ घेतलं. दावी विश्वजितनं धरली. भर उन्हात गावातून म्हशी ओढत जाताना जो तो दारात येऊन विचारी, "काय झालं वं?" मान खाली घालून तो सांगे, "काय न्हाय. माझ्यामुळं पोरगी भ्याली."

घरी पोचल्यावर शांतव्वानं विचारलं, "कशापायी ओरडलासा असं?"

"पोरं ऐकत नव्हती, म्हणून."

स्वतःच्या तोंडचं हे वाक्य कानावर पडलं आणि त्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो गोठ्यात जाऊन म्हशी बांधायला लागला. गाठ बसेना. दानेश्वरी आली, त्याच्या हातातलं दावं तिनं काढून घेतलं आणि सोललेल्या हातांनी म्हैस बांधली.