लंकाबाईंनी धुतलेली स्लीपिंग बॅग

मित्रांनो, मी एक जुनी स्लीपिंग बॅग आहे. माझ्या पोटात बदकाची पिसे आहेत. माणूस आत शिरला की ती फुलतात आणि त्याचीच ऊब त्याला परत देतात. माझी स्वतःची ऊब नसते. हे आधीच सांगितलेले बरे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पुढे अवसरी खुर्दच्या तेजस्विनीने मला कॉलेज सोडून जाणाऱ्या एका मुलीकडून घेतले. पहिल्याच थंडीत ती मला घाटघरला घेऊन गेली. नाणेघाटाच्या वाऱ्यात ती उजाडेपर्यंत गाढ झोपली. घरी येऊन आईला म्हणाली, "गोधडीपेक्षा ऊब देते." एवढे एकच कौतुक माझ्या वाट्याला आले आणि तेच मला भोवले.

आईने, म्हणजे लंकाबाईंनी, ते मनावर घेतले. एवढी गुणाची वस्तू आणि अजून धुतलेली नाही! दसऱ्याआधी घरातली सगळी अंथरुणे ट्रॉलीत घालून कालव्यावर नेतात. तेजस्विनी परीक्षेला गेली होती, तेव्हा त्यांत मीही गेले. मला कसे धुवावे याची चित्रे असलेली पट्टी माझ्या गळ्याशी शिवलेली होती. "पोरीला टोचंल," म्हणून लंकाबाईंनी ती आधीच कातरून टाकली होती. मग त्यांनी मला पावडरीत भिजवले, दगडावर आपटले आणि धोपाटण्याने बडवले.

शेजारच्या साळुबाई म्हणाल्या, "वैनी, जरा दमानं. नाजूक कापड हाय."

"आसंना. पोरीची हाय, कसर ठिवायची न्हाई."

मित्रांनो, मला तोंड नाही. चेन आहे, पण ती दुसऱ्यानेच उघडावी लागते.

वाळल्यावर माझ्यातल्या पिसांचे लिंबाएवढे गोळे झाले. लंकाबाईंनी मला नीट घडी घालून गोधड्यांच्या थप्पीखाली ठेवले. वासासाठी डांबराच्या गोळ्याही घातल्या. काळजीत काही कमी नव्हते.

मे महिन्यात तेजस्विनी हिमाचलला निघाली. आळेफाट्याच्या रस्त्यावरचे डांबर पातळ झाले होते आणि आमच्या ओसरीवर लोकरीचे मोजे आणि कानटोपी मांडलेली. तिचे वडील रामदासभाऊ म्हणाले, "उन्हाळ्याची कानटोपी? घाला, घाला. लोकं बघाया येतील." तिकडे खिंडीत आत्ताही बर्फ असतो, असे तिने पुन्हा एकदा समजावले. मग मला पिशवीत कोंबायला घेतले. पूर्वी त्यासाठी गुडघा द्यावा लागे. या वेळी मी मुकाट्याने आत गेले.

"किती छान मावली," ती म्हणाली, आणि ओझे नको म्हणून जाड जॅकेट बाहेर काढून ठेवले. लंकाबाईंनी गोधडी पुढे केली. "ही बी ने."

"आई, ही आहे ना."

मी होते. एवढेच.

खिंडीखालच्या मुक्कामी तिने अंगावर होते नव्हते ते कपडे चढवले आणि माझ्यात शिरली. माझे गोळे घरंगळत तिच्या पायांशी जमले. छातीवर नुसते कापड राहिले. तिचे दात वाजत होते आणि मी, जिचे काम ते थांबवणे एवढेच, ऐकत होते. उजाडताना तिचे ओठ निळे पडलेले पाहून गाईडने तिला खाली धाडले. बाकीचे खिंडीत गेले. त्या खिंडीसाठी ती वर्षभर पहाटे पळत होती.

खाली उन्हात तिने मला उलगडले. गोळे चाचपले, गळ्याशी कातरलेली कड पाहिली, वास घेतला. डांबराच्या गोळ्यांच्या आडून धुण्याच्या पावडरीचा येत होता. मग आईसारखीच माझी नीट घडी घातली.

घरी लंकाबाई दारातच होत्या. "ऊब आली का गं?"

तेजस्विनीने त्यांच्या हातांकडे पाहिले. "लई."

"येनारच. धुतली व्हती ना. दसऱ्याला परत बडवून काढते."

तेजस्विनी पाणी प्यायला आत गेली.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे सांगून आम्ही वस्तू निरोप घेतो. माझी काळजी घेतली गेली आहे. तुमच्यापैकी कोणी अवसरीकडचे असेल, तर दसऱ्याआधी लंकाबाईंच्या घरी जा आणि मला उसनी मागा. परत आणून द्यायची घाई करू नका.