केरळ दौऱ्यातली झोप

रश्मीने फोटोंचं पाकीट मासळी बाजारात आणलं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. गिऱ्हाइकं आटली होती, पाट्यांतून चार-सहा बांगडे उरले होते आणि बायका हात धुऊन पानाचे डबे उघडत होत्या. रश्मी ही मालवणच्या मच्छीमार बायकांच्या बचत गटाची सचिव. बारावी शिकलेली आणि गटात सगळ्यांत लहान, म्हणून २००६ च्या जानेवारीत सरकारी खर्चाने केरळला आठ दिवसांचा अभ्यास दौरा निघाला तेव्हा कॅमेरा तिच्या गळ्यात पडला होता. बारा जणी गेल्या होत्या. परत आल्याला महिना झाला तरी फोटो काही येत नव्हते, ते आज आले.

"आदी हात पुसा गो," रश्मी म्हणाली, आणि फोटो या हातातून त्या हातात फिरू लागले.

पहिल्यांदा हसली ती चंद्रावती. सुभद्राच्या शेजारी वीस वर्षं बसून मासे विकणारी बाई, तिला हसायला आडपडदा नव्हता.

"सुभद्रा बग गो. हंय निजली. हंयय निजली."

खरंच होतं. बसच्या खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून सुभद्रा झोपली होती. अलेप्पीच्या होडीत बाकीच्या जणी माडांकडे बोट दाखवत होत्या आणि ही होडीच्या कडेला मुटकुळं करून पडली होती. कोळंबीच्या कारखान्यात सगळ्या जणी पांढऱ्या टोप्या घालून यंत्राभोवती उभ्या, आणि मागे भिंतीलगत खुर्चीत, टोपी नाकावर आलेली सुभद्रा. शेवटचा सगळ्यांचा मिळून काढलेला फोटो होता. त्यात ती उभी होती, पण डोळे मिटून, चंद्रावतीच्या खांद्यावर रेललेली.

"सरकारान तुका केरळाक न्हेला, आणि तू थंय जावन निजलंस?" चंद्रावती म्हणाली.

सगळ्या हसल्या, सुभद्राही हसली. पण बसमधला तो फोटो तिने जरा जास्त वेळ हातात धरला. स्वतःला झोपलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. ही वय झालेली, गालफडं बसलेली बाई आपणच, हे पटायला तिला वेळ लागला.

रश्मी तिच्या कानाशी आली. "काकी, ह्ये फोटो ओरोसच्या ऑफिसात देवचे आसत. झोपलेले नको म्हणान सायबांनी सांगल्यानी. पण ते काडले तर तुजो एकय फोटो उरणा नाय. तुका मंगळवारी बोलवल्यानी."

मंगळवारी सुभद्रा लिलाव आटोपून, माशांची पाटी चंद्रावतीवर सोपवून रश्मीबरोबर ओरोसच्या एसटीत बसली. दौरा काढणाऱ्या सरकारी ऑफिसातल्या साहेबांनी दोघींना बसायला सांगितलं, फोटो टेबलावर मांडले आणि चष्मा कपाळावर चढवला. माणूस वाईट नव्हता. पण वर अहवाल त्यालाच पाठवायचा होता.

"मावशी, हा दौरा फिरायला नव्हता," ते म्हणाले. "शिकायला होता. तुमच्या जागी दुसरी एखादी गरजू बाई गेली असती."

"झोप आली, साहेब."

"आठही दिवस?"

"हो."

साहेबांनी मान हलवली. "काहीतरी पाहिलं असेल ना?"

सुभद्राने आठवून पाहिलं. ऑफिसात बोलायची भाषा तिच्या जिभेवर सावकाश येई. "कोळंबी सोलणाऱ्या बायकांना बसायला उंच स्टुलं होती, साहेब. आणि जमिनीला उतार होता. पाणी आपसूक मोरीत जायचं. आमच्या बाजारात घाण पाणी पायाखाली साचतं. दिवसभर आम्ही त्यातच बसतो."

साहेबांनी ते लिहून घेतलं. सगळ्यांचा मिळून काढलेला फोटो त्यांनी अहवालाला लावायला ठेवला आणि बाकीचे परत दिले. "पुढच्या दौऱ्याला मात्र तुमचं नाव नको," ते म्हणाले. सुभद्रानेही नको म्हटलं.

परतीच्या गाडीत रश्मीने दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, "काकी, घरातला कित्या सांगूक नाय त्यांका?"

"काय सांगूचा? सगळ्यांच्या घराक काय ना काय आसताच."

घरात होता तो धोंडू, तिचा नवरा. पाच वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. त्याआधी तो तांडेल होता. होडीवरच्या आठ माणसांनी ज्याच्या हाकेवर जाळं ओढलं, तो आता एका खाटेवरून एकाच माणसाला हाक मारत होता. कूस बदलायला, पाण्याला, भांड्याला. कधी उगाच, अंधारात भीती वाटली म्हणून. रात्रीत पाच-सहा वेळा तरी 'गो' अशी हाक यायची आणि सुभद्रा उठायची. पहाटे चारला लिलावासाठी उठायचं ते वेगळं. दौऱ्याच्या आठ दिवसांत मुलगा सुदेश मुंबईच्या नोकरीत रजा टाकून आला होता. बापाजवळ राहून तो गेला तेव्हा त्याचेही डोळे लाल झाले होते.

ओरोसहून आल्यावर तिने पाकीट फळीवर ठेवलं. धोंडूने ते पाहिलं.

"हाड, बगया," म्हणत त्याने पाकिटासाठी डावा हात पुढे केला.

सुभद्राला दाखवायचे नव्हते, पण नाही म्हणायचं त्राणही नव्हतं. ती खाटेच्या कडेला बसली आणि एकेक फोटो त्याच्या डाव्या हातात देत गेली.

"ह्यो खंयचो?"

"बशीतलो."

"खिडकेभायर काय दिसता ता?"

"माका काय म्हायत. मी निजान होतंय."

धोंडू तोंड वाकडं करून हसला. त्याला तसंच हसता येई. "आणि हंय?"

"होडयेत. पाणी हळू वाजत होता. आपल्या खाडयेसारख्या."

"मगे?"

"मगे कोण हाक मारूचो नाय, ह्या ध्यानात इला. आणि डोळे मिटले."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. धोंडूने तो फोटो छातीवर पालथा घातला.

"खरा आसा," तो म्हणाला. "थंय मी नाय होतंय."

त्या दिवसापासून त्याच्या हाका कमी झाल्या. पहिल्या रात्री दोनदा, मग एकदा, मग नाहीच. सुभद्राला वाटलं, माणसाला आराम पडतोय. तीही सलग चार-चार तास झोपू लागली. बाजारात चंद्रावती म्हणालीसुद्धा, की तोंडावर जरा तेज आलंय. पंधरा-सोळा दिवस असे गेले. मग एका सकाळी त्याचं अंग पुसताना तिने त्याला कुशीवर वळवलं आणि तिचा हात थांबला. माकडहाडाशी बोराएवढी जखम झाली होती, कडा काळ्या पडलेल्या.

नर्सबाई येऊन बघून गेल्या. कूस न बदलता उताणं पडून राहिल्याने कातडी गेली, म्हणाल्या. दर दोन तासांनी वळवायलाच हवं, आणि जखम दिवसातून दोनदा धुवायला हवी.

त्या गेल्यावर सुभद्रा दारात उभी राहिली. आवाज तिने चढवला नाही.

"हाक कित्या मारूक नाय?"

"तू निजलंस."

"मी निजलंय आणि तुमी हंय कुसत पडलात. आता ह्या सगळा कोण करतला?"

"माका वाटला, तेवड्यान काय होवचा नाय."

ती उंबऱ्यावरच बसली. पाच वर्षांत दमून ती कधी रडली नव्हती. त्या दिवशी रडली, पदर तोंडाला न लावता, जशी बसली होती तशीच. धोंडूला मान वळवून तिच्याकडे बघता येत नव्हतं. तो नुसता ऐकत राहिला.

दुपारी तिने शेजारच्या घरातून पिंगुळीला फोन लावला. तिथे धोंडूची विधवा बहीण सावित्री मुला-सुनेकडे राहायची. आजवर सुभद्राने तिला बोलावलं नव्हतं. बायकोने नवरा नणंदेच्या गळ्यात घातला असं कुणी म्हणेल, ही धास्ती होती.

"वन्सं," ती म्हणाली, "माका आता झेपणा नाय."



"पाच वर्सां झाली," सावित्री म्हणाली, "तू बोलवशील म्हणान मी वाट बगतंय. माजो सख्खो भाव तो. मीच आपणान कशी येव? तुका आवडला नसता तर?"

गुरुवारी ती आली. कुडाळला गाडी बदलून, एका पिशवीत दोन लुगडी आणि एका डब्यात घावणे घेऊन. आल्या आल्या भावाच्या खाटेजवळ बसली, आणि त्याची दाढी कुणी नीट केली नाही म्हणून त्यालाच बोलली. ठरलं ते असं, की पंधरवड्यातून चार दिवस तिने यायचं. यापेक्षा जास्त सूनबाईला चाललं नसतं, आणि सुभद्रानेही मागितलं नाही.

झोप काही लगेच आली नाही. पहिले दोन दिवस सुभद्रा मागच्या पडवीत चटईवर पडायची आणि कान पुढच्या खोलीकडे लागलेले असायचे. धोंडूने "सावित्री" अशी हाक मारली तरी ही उठून बसायची. जखम भरायला पार वैशाख उजाडला. तोवर लिलाव, पाटी, एसटीने येणारी-जाणारी नणंद, डेटॉलचा वास, असंच चाललं होतं. थकवा गेला नाही. थोडा वाटून घेतला गेला, एवढंच.

तिसऱ्या खेपेच्या वेळची गोष्ट. दुपारी चुलीवर पेज ठेवून सुभद्रा जरा भिंतीला टेकली. पुढच्या खोलीत भावा-बहिणीचं चहावरून वाजलं होतं. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे असं सावित्री म्हणत होती, आणि असं कुठल्याच डॉक्टरने सांगितलेलं नाही असं धोंडू. कोण जिंकतं ते ऐकता ऐकता तिचा डोळा लागला. पेज करपली. सावित्री आत आली, तिने पातेलं खाली उतरवलं, सुभद्राकडे बघितलं आणि पुढच्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं. मग तळाची सोडून वरवरची करपट पेज वाटीत काढून, वर थोडं मीठ घालून तिने भावाला भरवली. त्यानेही ती मुकाट्याने खाल्ली.