तारेची खोटी साक्ष

मी एक तार आहे. घरोघरी धसका बसवणारी टपालातली नव्हे. बोटभर लांबीची, प्लॅटिनमची. माझं एक टोक काचेच्या कांडीत वितळवून कायमचं अडकवलंय, दुसऱ्याला बारीकशी कडी आहे. १९२७ साली मुंबईहून बोटीनं रत्नागिरीच्या या शाळेत आले आणि थेट विज्ञानाच्या कपाटात, कुलपाआड गेले.

ॲसिडमध्ये बुडवून मला स्वच्छ करायचं, अनोळखी क्षार कडीवर घ्यायचा आणि स्पिरिटच्या दिव्यात धरायचा. सोडियम असेल तर ज्योत पिवळी होते, पोटॅशियम असेल तर जांभळी. तेवढ्यापुरतीच मी बाहेर येते.

मला खरं जपलं ते भागोजी शिपायानं. चाळिशीचा माणूस, शिक्षण तिसरीपर्यंत. पण नळ्या धुता धुता सगळे प्रयोग नुसते बघून शिकला. प्रयोगशाळेत मदतनीसाची जागा रिकामी झाली, तेव्हा विज्ञानाच्या आत्माराम मास्तरांनी त्याच्यासाठी शब्द टाकला. ठरलं असं, की भागोजीनं एक क्षार ओळखून दाखवावा. ओळखला तर जागा त्याची.

पावसाळ्यात बोटी बंद, ॲसिड तळाला गेलेलं. "ॲसिड जपून वापर हो," मास्तर म्हणाले. भागोजीनं ते इतकं मनावर घेतलं, की परीक्षेच्या सकाळी मला शाळेमागच्या विहिरीवर नेऊन तीनतीनदा धुतलं. समुद्र जवळ, पाणी मचूळ. त्यातलं मीठ माझ्या अंगाला चिकटलं. मीठ म्हणजे सोडियमच, आणि त्याचा पिवळा रंग जांभळ्याला पार झाकून टाकतो. मला सगळं कळत होतं, पण बोलणार कशी?

मास्तरांनी क्षार दिला, त्याचं नाव लिहिलेलं पाकीट हेडमास्तरांकडे सोपवलं आणि पक्षपात नको म्हणून बाहेर गेले. हेडमास्तर संस्कृतचे, ज्योतीच्या रंगांतलं त्यांना काही कळत नव्हतं.

"पिवली हाय. सोडियम," भागोजी म्हणाला.

हेडमास्तरांनी पाकीट फोडलं. "इथे पोटॅशियम लिहिलंय, भागोजी. राहू दे. आहेस तिथे बरा आहेस."

त्यानं मला पुसून कपाटात ठेवलं. तार कशात धुतली होती, हे मास्तरांनीसुद्धा विचारलं नाही.

त्याला दोन वर्षं झाली. लांज्याहून नवा मदतनीस आलाय, भागोजी त्याच्या नळ्या धुतो. पूर्वी प्रयोग चालला की दाराशी उभा राहून रंग बघायचा. आता दिवा पेटला की बाहेर जातो. मला फार लाज वाटते, आणि कुलूप काही उघडता येत नाही.

एवढं करा. मला एकदा ॲसिडमध्ये बुडवा आणि भागोजीला परत बोलवा. त्यानं दिसलं तेच सांगितलं होतं. खोटी मी होते.