नावाड्याची गाठ

गाडी वरच्या बाजारगावाला पोचेपर्यंत डब्यातल्या निम्म्या लोकांनी मेलेल्या नावाड्याचा निकाल लावून टाकला होता.

"पिऊन होता म्हणे," पायाशी कोंबड्यांची डालगी घेऊन बसलेली बाई म्हणाली.

"नाहीतर काय!" शेजारची म्हणाली. "शुद्धीतला माणूस दोर असा बांधेल? खांबावर गाठीचा मागमूस नाही. स्वतः गेला तो गेला, तिघांना घेऊन गेला."

"जाऊ दे बाई, मेलेल्याला नावं ठेवू नयेत," पहिली म्हणाली, आणि मग दोघींनी मिळून आणखी थोडी ठेवली.

समोरच्याच बाकावर नावाड्याची बायको बसली होती. शेजारी तिचा म्हातारा बाप. बाप खिडकीबाहेर बघत होता. मुलगी मात्र त्या दोघींकडे सरळ बघत होती. गाडी थांबल्यावर उठता उठता ती म्हणाली, "मावशी, ते पीत नव्हते. त्यांना वासानेसुद्धा मळमळायचं." कोंबडीवालीचा हात तोंडावर गेला, तोवर बापलेक खाली उतरले होते.

झालं होतं ते असं. वरच्या बाजारगावापासून तासाभराच्या वाटेवर नदी पार व्हायचा उतार होता. नदीवर आडवा दोर, दोन्ही काठांवर जाड खांब आणि दोराला कडीने अडकवलेली नाव. नावाड्याने दोर हातांनी ओढत माणसं पार न्यायची. आठ दिवसांपूर्वी भरल्या नदीत अलीकडच्या काठाशी दोर सुटला. नाव गर्रकन फिरली. तिच्या ओढीने पलीकडचा खांब मुळासकट उपटला, आणि नाव, माणसं, दोर सगळं खालच्या बंधाऱ्याकडे गेलं. लोक धावत आले तेव्हा अलीकडचा खांब नागडा उभा होता. खांब जागेवर आणि दोर नाही, म्हणजे नावाड्याची गाठ सुटली. एवढा हिशेब करायला कुणाला शाळेत जावं लागत नाही.

आज चार वाजता खालच्या बाजारगावात नदीखात्याचा साहेब कागदावर काय ते लिहिणार होता. गाठ सुटली असं त्यावर येणं मुलीला नको होतं. माणूस गेला, त्याला आता देवसुद्धा परत पाठवत नाही. पण घरी साडेचार वर्षांची पोर होती. तिने जन्मभर 'गाठ न आलेल्या नावाड्याची पोर' म्हणून जगायचं?

"दोर खाली कुठल्यातरी झुडपाला अडकला असेल," तिने आदल्या दिवशी बापाला सांगितलं होतं. "त्याचं टोक सापडलं की कळेल. गाठीतून निसटलेलं टोक वेगळं आणि तुटलेलं वेगळं. आपण वरच्या गावापासून काठाकाठाने चालत खाली जाऊ. तुम्ही नुसतं बघायचं, बाबा. दोरातलं तुमच्याइतकं कळणारं आहे कोण?"

म्हातारा दोर वळणारा होता. पन्नास वर्षं वाखाचे तंतू पिंजून, पेड घालून, पीळ देऊन त्याच्या तळहाताची कातडी बैलाच्या खुरासारखी झाली होती. नावेचा दोर त्याचाच. मुलीला तो नाही म्हणू शकला नाही. हो म्हणताना मात्र त्याने तिच्या डोळ्यांत बघणं टाळलं, आणि ते का हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक तो आणि एक वर बसलेला देव.

गाव मागे पडलं तशी पायवाट नदीला लागली. पाणी आता उतरलं होतं, पण जाताना आपली खूण ठेवून गेलं होतं. झाडांच्या बुंध्यांवर कमरेइतका गाळ, फांद्यांना लोंबणाऱ्या चिंध्या, एका कुंपणात अडकलेली लहान मुलाची चप्पल. मुलीने ती उचलली, बघितली आणि परत कुंपणावर ठेवली. उताराशी ती थांबली नाही. खांबाकडे तिने बघितलंही नाही. म्हाताऱ्याने बघितलं. खांबाला दोराने पडलेली गुळगुळीत खाच होती.

त्या खाचेपायीच हे सगळं घडलं होतं. तिथे घासून घासून दोराचं चार हात टोक झिजलं होतं. तीन महिन्यांपूर्वी जावई तो दोर घेऊन दुकानात आला होता. भिडस्त माणूस, सासऱ्यापुढे कधी खुर्चीत बसला नाही.

"मामा," तो म्हणाला होता, "पावसाळ्यात पाणी ओढ घेतं. अखंड नवा दोरच द्या की."

आता माणसाचा स्वभाव बघा. तो जर म्हणाला असता, की मामा, तुमची तब्येत बरी दिसत नाही, तर म्हातारा हसला असता. पण त्याच्या सांध्यावर शंका! "जावईबापू," म्हातारा म्हणाला, "तुम्ही नाव ओढा. माझा सांधा असतो तिथे दोर दुप्पट मजबूत असतो. हत्ती बांधा, नाहीतर तुमच्या सासूला बांधा, सुटणार नाही."

आणि झिजलेलं टोक कापून नवा तुकडा जोडायला तो तिथेच बसला. सांधा म्हणजे दोन्ही दोरांचे पेड उकलून एकमेकांत गुंफायचे. नव्या दोराला जुना दोर लवकर धरत नाही, म्हणून पाच फेर. म्हाताऱ्याच्या बापाने मोजायची रीत घालून दिली होती. पाच ओळींचं एक भजन, दर ओळीला एक फेर. भजन संपलं की सांधा संपला. बोटं कामात आणि तोंड नामात असलं की चूक होत नाही, असं बाप म्हणायचा. पन्नास वर्षांत झालीही नव्हती.

त्या दिवशी दुसरी ओळ झाली आणि जावई हळूच म्हणाला, "नाही, म्हणजे सांध्यावर माझा विश्वास आहेच, मामा. पण अखंड तो अखंड."

म्हाताऱ्याचं टाळकं सटकलं. भजन तिथेच टाकून त्याने जावयाला चांगलं अर्धा तास सुनावलं. आपला बाप, बापाचा बाप, त्यांनी वळलेले दोर, सगळं काढलं. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही म्हणतात, ते काही उगीच नाही. जावई मान खाली घालून ऐकत राहिला. राग ओसरल्यावर म्हाताऱ्याने भजन पुन्हा धरलं. पण कुठून धरलं? त्याला आठवत होती ती शेवटची ओळ. ती त्याने खणखणीत म्हटली, पेडांची टोकं कापली आणि दोर जावयाच्या अंगावर टाकला.

जावयाने घरी एका शब्दाने सांगितलं नाही. सासऱ्याची तक्रार बायकोकडे करणारा तो नव्हता. आणि गेले आठ दिवस म्हातारा अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःला सांगत होता, केले असतील पाच. हाताला सवय आहे. तोंड चुकलं तरी हात चुकत नाही.

दुपारपर्यंत दोघांनी चार ठिकाणी झुडपं उपसली. एकदा लव्हाळ्यात पिवळं काहीतरी दिसलं. मुलगी गुडघाभर चिखलात शिरली, तर ती नुसती वाळलेली वेल. म्हाताऱ्याला हायसं वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली.

बंधाऱ्याच्या अलीकडे एक पत्र्याची खोपी होती. दारात एक शेळी, आणि शेळीवाली म्हातारी तिच्याशी भांडत होती. "खा मेले, माझं लुगडंही खा. पाणी हवंय का हो दादा? उन्हात पोरीला कशाला फिरवताय?"

म्हाताऱ्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो शेळीच्या गळ्याकडे बघत होता. तिथून खुंटीपर्यंत चार हात नवा दोर होता. आपण वळलेला दोर माणूस स्वतःच्या अक्षरासारखा ओळखतो.

"हा कुठून आणलात?" मुलीने विचारलं.

"चोरला नाही हो बाई! उताराच्या खांबाला होता. नाव गेली त्या दिवशी मी तिथेच कापडं धूत होते. एक बाई पाण्यात हात हलवत होती. म्हटलं, खांबाला तुकडा लोंबतोय, तोच फेकावा." तिने हात पुढे केला. "पण गाठ सुटेना. ज्याने बांधली त्याचा हात लोखंडाचा होता. ही बघा दोन नखं निघाली माझी. सुटेपर्यंत ती बाई कुठली राहायला! मग मी तो तसाच हातात घेऊन घरी आले. कशी आले ते मलाही कळलं नाही."

मुलगी खाली बसली. चिखलातच बसली. "गाठ होती?" तिने विचारलं. "सुटली नव्हती?"

"अगं, नखं गेली म्हणते ना."

तेव्हा ती रडली. आठ दिवसांत पहिल्यांदा, तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी. शेळीवालीने तिला पोटाशी धरलं. म्हाताऱ्याने तेवढ्यात दोराचं मोकळं टोक हातात घेतलं. ते तुटलेलं नव्हतं. तीन पेड सुटे होते, आणि गुंफणीतून निसटलेल्या पेडावर फेराची मुरड राहते तशी मुरड होती. त्याने अंगठ्याने चाचपली. एक. दोन. तीन. पुढे पेड सरळ होता.

"बाबा, मग तुटला कसा?"

"घासला," म्हातारा म्हणाला. "खांबाला घासला असेल."

आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं, दुसऱ्याच कुणाचा आवाज यावा तसं.

शेळीवालीने साहेबापुढे आपला अंगठा उठवायचं कबूल केलं. शेळीला चिंधीने बांधून तिने दोर देऊन टाकला. "मी मागून येते, माझे गुडघे सावकाश चालतात," ती म्हणाली. बापलेक पुढे निघाले. मुलीने दोर खांद्यावर टाकला होता. तिची चालच बदलली होती. बंधारा मागे पडला, खालच्या गावातल्या धान्यबाजाराची छपरं दिसायला लागली, आणि मुलगी नकळत गुणगुणायला लागली. बापाच्या दुकानात लहानपणी चाक फिरवताना ऐकलेलं तेच भजन. पहिली ओळ. दुसरी. तिसरी.

"थांब," म्हातारा म्हणाला.

तिला वाटलं दम लागला. ती थांबली.

"घासला नाही. सांधा निसटला. तो माझा सांधा. पाच फेर हवे होते, मी तीन घातले. तो अखंड दोर मागत होता, मी दिला नाही. भांडत बसलो आणि मोजायचं विसरलो."

मुलीने खांद्यावरचा दोर काढला. टोक बघितलं. ती दोरवाल्याचीच मुलगी होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"तुम्हाला हे सकाळी माहीत होतं?"

"खात्री नव्हती."

"खात्री नव्हती, म्हणून दिवसभर माझ्याबरोबर झुडपं उपसलीत? सापडू नये म्हणत?"

त्याने मान डोलावली. तेवढं तरी खोटं त्याने टाळलं.

ती नदीकडे वळली. "घासला म्हणून सांगितलं," ती म्हणाली, "तर ह्यांचंही नाव राहतं आणि तुमचंही. त्या साहेबाला काय कळतंय पेडातलं."

बुडत्याला काडीचा आधार दिसावा तसा तो लेकीच्या तोंडाकडे बघत राहिला.

"पण मला कळलंय ना," ती म्हणाली आणि दोर त्याच्या हातात दिला. "हा तुम्हीच घ्या. चला, चार वाजतील."

खात्याच्या कचेरीत लांब बाकं होती. बुडालेल्या तिघांची माणसं भिंतीकडच्या बाकांवर बसली होती. मुलगी आत येताच एकीने पदर सावरून पाठ फिरवली. शेळीवाली धापा टाकत आली आणि नखं दाखवून सगळं सांगून गेली. मग साहेबाने विचारलं, "गाठ पक्की होती, तर दोर गेला कसा?"

म्हातारा उठला. त्याने दोर टेबलावर ठेवला, तीन मुरडी बोटाने दाखवल्या आणि काहीही न वगळता सांगितलं. अखंड दोर मागितल्याचं सांगितलं, भांडणाचं सांगितलं, अर्धवट टाकलेल्या भजनाचंही. कारकून लिहीत होता. टाकाची कुरकुर सगळ्या खोलीत ऐकू येत होती.

"म्हणजे नावाड्याचा दोष नाही," साहेब म्हणाला.

"नाही, साहेब. त्याची गाठ अजून धरून असती."

बाकावरून एक माणूस उठला. लोहार असावा, हातांवर ठिणग्यांचे डाग होते. पाण्यात हात हलवत होती ती त्याची बायको. आता हा म्हाताऱ्याची गचांडी धरणार असं सगळ्यांना वाटलं, आणि शिपाई दोन पावलं पुढेही झाला. पण लोहार आवाज न चढवता, एक कारागीर दुसऱ्याला विचारतो तसं म्हणाला,

"राहिलेले दोन फेर घालायला किती वेळ लागला असता, बाबा?"

म्हाताऱ्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "विडी ओढायला लागतो तेवढा."

लोहार खाली बसला. कारकुनाने टाक वर धरून साहेबाकडे बघितलं. "हे लिहायचं का?"

साहेबाने लोहाराकडे बघितलं.

"लिहा," मुलगी म्हणाली.