हातमोजा कोंबलेली घंटा

मित्रांनो, मी गाईच्या गळ्यातली एक जुनी घंटा आहे. अजूनही डुलकी लागली की मला तीच तांबडी गाय दिसते, बर्फातून संथ चाललेली, नाकातून वाफ सोडणारी. गाई विकल्या गेल्या तेव्हा माझ्या मालकिणीने, नेटीबाईंनी, मला मात्र ठेवून घेतलं आणि बर्फावरच्या हॉकीला नेऊ लागल्या. आपल्या संघाने काही चांगलं केलं, की मी वाजायचं. "नेटीची घंटा वाजली, म्हणजे खेळ जमला!" गाव म्हणायचं, आणि मी फुगायचे.

आमच्याकडे संघातले परगावचे खेळाडू गावकऱ्यांच्या घरी राहतात. नेटीबाईंकडे कर्टिस राहायचा. धिप्पाड बचावपटू! तो समोरच्याला मैदानाच्या कडेच्या फळीवर आदळायचा आणि मी घणघणायचे. नवरा गेल्यावर बाईंचं घर त्यानेच भरलं होतं. यंदा संघाने त्याला दुसऱ्या गावाच्या संघाला देऊन टाकलं. त्याच्या जागी आणि त्याच्याच खोलीत एमेट आला, किडकिडीत आणि अबोल.

"हा बचाव करणार? वाऱ्याने उडेल मेला!" बाई दिराला म्हणाल्या.

"वहिनी, खेळ तरी बघा त्याचा," मर्व्ह म्हणाला. "चांगला बचावपटू मिठासारखा. असला तर कळत नाही, नसला तर घास उतरत नाही."

"मीठ मी माझ्या पिरोगीच्या सारणात घालीन. ह्याच्यासाठी घंटा वाजणार नाही. हा हंगाम संपला, की हॉकी बंद आणि घरात पाहुणाही बंद!"

असं म्हणून त्यांनी माझ्या पोटात लोकरी हातमोजा कोंबला. मला राग आला, पण त्याहून भीती जास्त वाटली. मी तळघरात गंजले असते, ते सोडा. त्या एवढ्या घरात बाई बोलल्या असत्या कोणाशी?

बाई सामन्याला जात, सवयीने मलाही नेत, पण शोधत धक्केच. एमेट धक्के देत नसे. बर्फावर चेंडूऐवजी असते ती चकती जिथे येणार, तिथे तो आधीच उभा असे. लोकरीच्या उबेत मला सगळं लांबून ऐकू येई, खेळाडूंच्या बुटांखालची पाती झोपेत कुणी कुजबुजावं तशी वाजत.

मग एका सामन्यात शेवटच्या क्षणी आमचा गोलरक्षक पडला. जाळी उघडी! एमेट बर्फावर आडवा झाला आणि सुसाट आलेली चकती त्याने घोट्यावर घेतली. बाईंनी मला जिवाच्या आकांताने हलवलं. थप्, थप्.

"अगं बाई, मोजा!" त्यांनी तो दातांनी ओढून काढला. तोवर सामना संपला होता. एमेट लंगडत आत गेला होता, लोक उठत होते. तरी मी वाजतच राहिले.

घरी बाईंनी त्याच्या घोट्यावर गोठलेल्या मटारची पिशवी ठेवली.

"मावशी, घंटा मघाशी का वाजली? खेळ तर संपला होता."

"उशीर झाला रे बाबा," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "पिशवी धरून हात गारठेल. हा मोजा घाल. आणि पुढच्या हंगामात दुसरीकडे जायचं नाही, ऐकलंस? खोली तुझीच आहे."

मित्रांनो, मला घासून लखलखीत केलं नाहीत तरी मी रुसणार नाही. पण ज्याच्या कामाचा आवाज होत नाही, त्याच्यासाठी मला वेळेवर वाजवा. तो मोजा आता एमेटच्या हातात आहे, आणि माझी जीभ मोकळी आहे.