काकूची माळ गुडघ्यापर्यंत

आईनं तीन महिने गोळ्या घेतल्या आणि तिच्या रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणू आता सापडत नाही.

आईला विचाराल तर असं काहीही घडलेलं नाही. आईला कधी काही झालंच नव्हतं, ती गोळ्या खाणाऱ्यांतली नाही, आणि आशाकाकूवर ती जळते हे तर धादांत खोटं आहे. तेव्हा जे घडलंच नाही, ते सांगतो.

त्र्यंबक रोडला काळूबाबाची पत्र्याची शेड आहे. रविवारी तिथली रांग पार रस्त्यावर येते. बाबा कावीळ उतरवतो. रानवेलीच्या काड्यांची माळ गळ्याशी घट्ट बांधतो. माळ दिवसेंदिवस लांबत जाते, कावीळ उतरत जाते.

"डाक्टर काय करतो? सुई टोचतो," बाबा ओरडायचा. "सुई कधी लांबली का कुणाची?"

"नाय!" गर्दी म्हणायची. या प्रश्नाला दुसरं उत्तर नव्हतंच.

आशाकाकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. सातपूरला आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते. पाणीपुरी खाऊन तिचे डोळे हळदीसारखे झाले आणि तिनं माळ घातली. माळ छातीवर आली, पोटावर आली, शेवटी गुडघ्याला टेकली. डोळे पांढरे. अख्खी गल्ली बघायला लोटली. काकू जिना उतरताना माळ निऱ्यांसारखी दोन बोटांत उचलून धरायची. पाहुण्यांना चहा मात्र आमच्याकडून जायचा, कारण वर नेमकं दूध संपलेलं असायचं.

त्याच आठवड्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि हिपॅटायटिस सी निघाला. माझ्या जन्माच्या वेळी तिला रक्त चढवलं होतं. त्या काळी दात्याच्या रक्तात हा विषाणू शोधत नसत. म्हणजे दोष माझाच, असं आईनं तिथल्या तिथं ठरवलं.

"मालनताई, हा वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर खातो," सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर शाझिया म्हणाल्या. "आता रोज गोळी, तीन महिने. बहुतेक सगळे बरे होतात. फुकट मिळते."

"मला काय धाड भरलीये? अख्ख्या घराच्या पोळ्या लाटते मी."

"तो लक्षणं दाखवत नाही, तीच तर पंचाईत."

"घोटीला माझ्या मावसभावाला इंजेक्शनं दिली होती. डोक्यावर केस राहिला नाही."

"ती जुनी इंजेक्शनं. आता ती लागत नाहीत."

"लोक वेगळं ताट देतील."

"ताटातून पसरत नाही, ताई. रक्तातून पसरतो."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. लिव्हर कडक व्हायला लागलं होतं. आणखी टाळलं तर पुढं नुसत्या गोळ्यांनी भागणार नव्हतं.

सगळी कारणं संपल्यावर खरं कारण बाहेर पडलं, परत येताना रिक्षात. "आशाला माळ," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि मला गोळी. गोळी बघायला कोण येतं?"

दुसऱ्या दिवशी आईच्या गळ्यात माळ होती.

आईनं माळेची जी बडदास्त ठेवली, ती काकूला बापजन्मी जमली नसती. सकाळी तुळशीचं पाणी, दुपारी ओलं फडकं, झोपताना पुन्हा पाणी. माळ टवटवीत. आणि होती तिथंच, गळ्याशी.

"अजून तिथंच का हो, जाऊबाई?" काकू जिन्यावरून विचारायची. "श्रद्धा कमी पडत असेल."

बाबाचंही तेच. "माय, तुझ्या मनात लय शंका हाय. शंकेनं माळ आखडती."

"माझी श्रद्धा कमी?" घरी येऊन आईनं पातेलं आपटलं. "आणि एकादशीला कांदाभजी खाणारीची जास्त? वरून काड्या जोडल्यात तिनं. सिद्धच करते."

ताक द्यायच्या निमित्तानं ती वर गेली आणि काकूनं काढून ठेवलेली माळ पोळ्यांच्या डब्यात लपवून खाली घेऊन आली. दोन्ही माळा शेजारी ठेवून काड्या मोजल्या. दोन्हीकडं तेवढ्याच. मग आईनं दोन्हीकडची एकेक काडी चिमटीत धरून पाहिली. विज्ञानाच्या इतिहासात जळफळाटाला हवं तेवढं श्रेय मिळालेलं नाही.

"दीपक," ती म्हणाली, "हिच्या काड्या वाळून सुतळीएवढ्या झाल्यात. माझ्या जाडच्या जाड."

मी बाबाकडून तिसरी माळ आणली. पेशंट बाहेर उभा आहे, असं सांगितलं. खोटं नव्हतं. माळ मोटारसायकलच्या आरशाला बांधली आणि गाडी उन्हात लावली. चौथ्या दिवशी ती मडगार्डला टेकली. गाडीला कावीळ नव्हती. फक्त सर्व्हिसिंग बाकी होतं.

रविवारी आईला मागं बसवून मी गाडी थेट रांगेत घातली.

"बाबा, हिची उतरली," आई म्हणाली. "आता हिला पथ्य काय?"

रांग हसली. बाबा क्षणभरच गडबडला. "गाडीलाबी आत्मा असतो, माय."

"आणि मला नाही?"

मग आईनं माळ उंच धरली. ओल्या, जाड काड्यांना दोऱ्याचे वेढे दिलेले असतात. काडी वाळली की बारीक होते, वेढा सैल पडतो, त्यातला दोरा सुटून माळेत येतो. माळ लांबते. काड्या ओल्या ठेवल्या तर लांबत नाही. माणसाच्या पोटात काय चाललंय, हे माळेला ठाऊकच नसतं.

"पण आशाबाई बऱ्या झाल्या ना?" कुणीतरी विचारलं.

"घाण पाण्याची कावीळ ती. विश्रांती घेतली की बहुतेकांची आपोआप जाते," आईचा चेहरा कित्येक दिवसांनी फुलला. "तिनं गळ्यात दुधी भोपळा बांधला असता तरी बरी झाली असती!"

तरीही आई गोळ्या घेईना. माळ खोटी निघाली म्हणून गोळी मानाची ठरत नव्हती. मी ओढतच तिला दवाखान्यात नेलं.

"या गोळ्या आशाला मिळतील का?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"नाही. त्यांना हा आजार नाही."

"हात जोडून मागितल्या तरी?"

डॉक्टर शाझियांनी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. "पाया पडल्या तरी नाही, मालनताई. या फक्त तुमच्या."

आईनं हात पुढं केला.

वाचकहो, डोळे पिवळे झाले तर गळ्यात काही बांधू नका, रक्त तपासा. डोळे पांढरेशुभ्र असतील, पण कधीकाळी रक्त चढवलं असेल, तरीही तपासा. ठणठणीत वाटणं हा रिपोर्ट नव्हे. आणि औषध नाकारणाऱ्याला मूर्ख म्हणण्याआधी, तो नेमका कशासाठी अडलाय ते विचारा.

प्रति, मा. आरोग्य विभाग. विनंती अर्ज करण्यात येतो की, ज्या महिला रुग्णास जाऊ आहे, तिच्या जावेसही त्याच दिवशी, त्याच खिडकीवर, रुग्णाच्या मागे उभे करून साखरेच्या गोळ्या देण्यात याव्यात. सदर गोळ्या आकाराने किंचित लहान असाव्यात.